शिलोहाचा बुरूज आणि आपण

शास्त्रपाठ : लूक १३:१-९
जोडपाठ : यहेज्केल ३३:१-९, योहान ९:१-७
पाठांतरासाठी वचन : लूक १३:५
पाठाचा हेतू : जगातील दुःखाच्या बातम्या ऐकून दुसऱ्यांचा न्याय करीत बसण्याऐवजी स्वतःचे ऋण ओळखणे व फळ देण्यास लागणे.

रविवारची उपासना संपली, की चर्चच्या आवारात चार माणसे जमतात. प्रकृतीची विचारपूस होते, कोणाच्या मुलाचे लग्न ठरले ते कळते, आणि मग बोलणे हळूच जगाच्या कारभारावर येते. कोणत्या देशाने कोणावर बॉम्ब टाकले, कोठे कारखाना पेटला, कोठे पूल कोसळला. एकजण म्हणतो, "त्यांच्या पापाचा घडा भरला." दुसरा म्हणतो, "शेवटचे दिवस आले." तिसरा घड्याळाकडे पाहून म्हणतो, "आपल्याला काय त्याचे? जेवायची वेळ झाली."

आम्हीही याला अपवाद नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा थोड्याच दिवसांत आमच्या स्वयंपाकघरात त्या युद्धाविषयी जे पहिले वाक्य उच्चारले गेले, ते सूर्यफुलाच्या तेलाच्या भावाविषयी होते. आपल्या देशात येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा भाग तिकडूनच येत असे. भाव वाढला ही गोष्ट खरी, आणि गृहिणीने तिची काळजी करावी यातही गैर नाही. पण त्या वेळी लक्षावधी आया मुले उराशी धरून सरहद्द ओलांडत होत्या, आणि त्यांची आठवण आम्हांला तेलाच्या मागून झाली. हे कबूल करूनच आजचा पाठ सुरू करणे बरे.

दोन बातम्या

प्रभू येशूकडेही लोक अशीच एक बातमी घेऊन आले. काही गालीली माणसे यज्ञ करीत असता पिलाताने त्यांना कापून काढले होते. ही राजकारणाची बातमी होती. सांगणाऱ्यांच्या मनात काय होते ते लूक सांगत नाही, परंतु प्रभूच्या उत्तरावरून ते कळते. मेलेले लोक विशेष पापी असले पाहिजेत, असा विचार त्यांच्या मनात होता.

प्रभूने त्यांना उत्तर देताना दुसरी बातमी स्वतः पुढे केली : शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे चिरडली गेली ती. येथे तलवार नव्हती, जुलमी सुभेदार नव्हता. माणसाने बांधलेली एक वस्तू माणसांवर पडली होती. पिलाताने मंदिराचा पैसा घेऊन यरुशलेमेसाठी पाण्याचा पाट बांधला, असे योसेफस हा यहूदी इतिहासकार लिहितो. शिलोहाचा बुरूज त्याच कामाचा भाग असावा, असा तर्क काही भाष्यकार करतात. तो तर्कच आहे. पण तलवार असो की बुरूज, दोन्ही प्रसंगी प्रभू एकच प्रश्न विचारतो आणि एकच उत्तर देतो. हे लोक इतरांहून वाईट होते काय? नाही. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळून त्यांनाच पश्चात्तापाला बोलावतो.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. गालीली लोकांविषयी बोलताना मूळ ग्रीक भाषेत 'पापी' हा शब्द आहे. बुरुजाखाली मेलेल्यांविषयी बोलताना मात्र 'ऋणी' असा शब्द आहे. प्रभू जणू विचारतो, त्या अठरा जणांच्या डोक्यावर इतर सर्व यरुशलेमकरांपेक्षा अधिक कर्ज होते काय? या 'ऋणी' शब्दाने आमचा बराच काळ पाठलाग केला आहे. बुरूज ज्यांच्यावर पडतो ते ऋणी नसतील, तर ऋणी कोण?

आपल्या दाराजवळचा बुरूज

आमच्या पिढीच्या शिलोहाचे नाव भोपाळ आहे. इंदूर व ग्वाल्हेरच्या वाचकांना ते सांगावयास नको. परंतु आज शब्बाथ शाळेत बसणाऱ्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून थोडक्यात सांगतो.

भोपाळ येथे युनियन कार्बाइड कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना होता. पिके वाचावीत, धान्य वाढावे, हा त्यामागचा हेतू होता, आणि अशा औषधांचा लाभ त्या काळी साऱ्या देशाने घेतला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथील एका टाकीत पाणी शिरले. टाकीत मिथाइल आयसोसायनेट नावाचे अत्यंत विषारी द्रव्य होते. ते तापले, उसळले, आणि सुमारे चाळीस टन वायू बाहेर पडला. द्रव्य थंड ठेवणारे यंत्र काही महिन्यांपूर्वीच बंद केलेले होते. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी निकामी होता. वायू धुऊन काढणारी यंत्रणा तो लोट आवरू शकली नाही. हवेपेक्षा जड असलेला तो वायू जमिनीलगत सरकत कारखान्याबाहेरच्या झोपड्यांत शिरला. तेथे दिवसभर राबून थकलेली माणसे झोपली होती.

मध्य प्रदेश सरकारने या वायूमुळे ३,७८७ मृत्यू झाल्याचे मान्य केले. पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट आकडा सांगतात. सरकारी नोंदीप्रमाणेच पाच लाखांहून अधिक लोकांना इजा झाली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. जून २०१० मध्ये कारखान्याच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सांगण्यात आली.

हे संकट सूचना न देता आले नव्हते. १९८१ च्या डिसेंबरात त्याच कारखान्यात विषारी वायूने एक कामगार दगावला होता. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने १९८२ साली आपल्या छोट्याशा साप्ताहिकातून शहराला धोक्याचा इशारा दिला. यहेज्केलाच्या तेहेतिसाव्या अध्यायातील पहारेकऱ्याने शिंग फुंकावे, तसाच तो इशारा होता. शिंग वाजले, पण शहर जागे झाले नाही.

आता आपण स्वतःला विचारू या. त्या झोपड्यांतील लोक अधिक पापी होते काय? त्यांच्या डोक्यावर देशाचे अधिक ऋण होते काय? ते केवळ तेथे राहत होते, कारण जागा तेथेच परवडत होती. लाभ सर्वांनी घेतला व किंमत त्यांनी मोजली. मग ऋणी कोण, याचे उत्तर आपल्याकडे येते.

कचरा कोणाच्या दारी?

ही गोष्ट १९८४ साली संपली नाही. कारखान्यातील विषारी कचरा चाळीस वर्षे तेथेच पडून होता. न्यायालयाच्या आदेशावरून जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ३३७ टन कचरा बारा बंद वाहनांतून इंदूरजवळच्या पीथमपूर येथे नेण्यात आला, आणि जूनअखेर तो जाळून संपवण्यात आला. पीथमपूरच्या लोकांनी घाबरून विरोध केला. त्यांना हसण्याचे कारण नाही. भोपाळचे नाव ऐकून कोण भिणार नाही? दूरच्या पुष्कळांच्या मनात मात्र त्या वेळी आले असेल, "आपल्या गावात नाही आला, हे बरे झाले." हा उद्गार आणि "आपल्याला काय त्याचे?" हा उद्गार सख्खी भावंडे आहेत. आणि कचरा हलला तरी कारखान्याभोवतालच्या मातीतले व भूजलातले विष काही त्या वाहनांत बसून गेले नाही.

ज्या मोबाइलवर आपण या बातम्या वाचतो, तोही फुकट आलेला नाही. त्याच्या बॅटरीत कोबाल्ट नावाचा धातू असतो, आणि जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतील कांगो देशाच्या खाणींतून निघतो. तेथे काही ठिकाणी माणसे, आणि लहान मुलेसुद्धा, हाताने माती उकरून तो काढतात. मोबाइल टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. या मासिकाचे कामही त्याच्यावाचून आता होत नाही. परंतु बातमी पुढे ढकलण्यासाठी बोट उचलण्यापूर्वी क्षणभर थांबून, "प्रभो, माझा यात वाटा किती?" एवढे तरी विचारता येईल.

आणखी एक वर्ष

पश्चात्ताप म्हणजे रडत बसणे नव्हे. म्हणूनच प्रभू लगेच अंजिराच्या झाडाचा दाखला सांगतो. तीन वर्षे फळ नाही, धनी झाड तोडावयास सांगतो. पण माळी एक वर्ष मागून घेतो. भोवती खणीन, खत घालीन, असे म्हणतो. त्या वर्षाअखेर काय झाले, ते प्रभू सांगत नाही. दाखला अर्धा ठेवलेला आहे, कारण पुढचा अर्धा ऐकणाऱ्याने जगावयाचा आहे.

भोपाळमध्ये असे खणणारे हात आम्हांला दिसतात. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल या दोघी गॅसपीडित कामगार स्त्रिया. एक मुसलमान, एक हिंदू. न्यायासाठी वर्षानुवर्षे झगडल्याबद्दल २००४ साली त्यांना गोल्डमन पारितोषिक मिळाले. त्या पैशांतून त्यांनी पीडित कुटुंबांतील अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभारला. शोमरोनी माणसाचा दाखला आपण मुलांना शिकवतो. जखमेवर तेल ओतणारा माणूस नेहमी आपल्याच मंडळीतला असत नाही, हे आपणही शिकावे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, हे विचारले. प्रभूने चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला, आणि धुण्यासाठी त्याला पाठविले ते शिलोहाच्याच तळ्यावर. जेथे बुरूज पडला, तेथेच दृष्टीही मिळाली.

शिक्षकांसाठी

पाठ शिकवताना मुलांना आकड्यांनी भिववू नका. गावातील एखादी जागा दाखवा : गटार साफ करणारा मनुष्य, टाकाऊ बॅटऱ्या व तारा वेचणारी मुले, कारखान्याच्या भिंतीलगतची वस्ती. आपल्या सुखाची किंमत येथे कोण मोजतो, एवढेच विचारा व उत्तराची वाट पाहा.

चर्चेसाठी प्रश्न

१. या आठवड्यात जगातील कोणती बातमी ऐकून आपण पहिले काय बोललो? ते प्रभूसमोर बोललो असतो काय?
२. 'पापी' व 'ऋणी' या शब्दांत कोणता फरक जाणवतो?
३. आपल्या गावात कोणता बुरूज झुकलेला आहे? त्याविषयी शिंग कोणी फुंकावे?
४. आपल्या मंडळीला मिळालेल्या 'आणखी एका वर्षात' कोठे खणावे व कोठे खत घालावे?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, दुसऱ्यांच्या पापांचा हिशेब मांडण्यात आमचे दिवस गेले. ज्यांनी आमच्या सोयींची किंमत आपल्या श्वासाने मोजली, त्यांची आम्हांला आठवण दे. आमचे ऋण आम्हांला दाखव, आणि ते पाहून पळून न जाता हाती कुदळ घेण्याचे बळ दे. ज्याने आमचे ऋण वाहिले त्या येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.