पहाटेची गाडी, अंगातली थंडी आणि सिकलसेल

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा पहाटे १० अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. नेमक्या त्याच वेळी आपल्या वस्त्यांतून माणसं गाडीला किक मारून निघतात. कुणी बुटीबोरी-हिंगण्याला पहिल्या पाळीला, कुणी पेपर टाकायला, कुणी दवाखान्यात साफसफाईच्या ड्युटीवर. नुसतं उभं राहिलं तर १० अंश सोसवतात. पण ताशी ५० किलोमीटरने गाडी निघाली की तीच हवा उघड्या अंगाला पाच-सहा अंशांसारखी लागते. शरीर कातडीभोवती गरम हवेचा पातळ थर धरून असतं आणि वारा तो सारखा उडवून नेतो.

म्हणून नुसता स्वेटरवर स्वेटर चढवून भागत नाही. विणीतून वारा आरपार जातो. स्वेटर आत घाला आणि त्यावर वारा अडवणारं काहीतरी. महागडं जॅकेटच हवं असं नाही, पावसाळ्यातला रेनकोट बाहेर काढा. तोही नसेल तर स्वेटरच्या आत, छातीवर, जुन्या वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. कागद वारा अडवतो. कामावरून परतताना बनियन घामाने ओली असेल तर बदलूनच निघा.

मफलर, ओढणी, पदर यांची टोकं आत खोचलेली हवीत. चाकात किंवा चेनमध्ये अडकून गळा आवळल्याच्या घटना घडतात. कानटोपी हेल्मेटची जागा घेत नाही. हेल्मेटखाली पातळ रुमाल बांधा, जाड टोपीने हेल्मेट सैल बसतं. हातमोजे असे हवेत की ब्रेक नीट दाबता येईल. बोटं बधिर झाली तर ब्रेक उशिरा लागतो, हा धोका थंडीपेक्षा मोठा. बोटं ऐकेनाशी झाली, हुडहुडी थांबेना, जीभ जड वाटू लागली, तर गाडी बाजूला घ्या. बधिर हात शेकोटीत किंवा सायलेन्सरवर धरू नका, भाजलेलं कळत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच नाही. काखेत हात दाबून धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा. आणि "एक घोट घेतला की गरम वाटतं" म्हणणाऱ्या भावांनो, दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून गरम वाटतं. आतली उष्णता मात्र बाहेर निघून जाते. गाडी चालवताना पिण्याचा गुन्हा वेगळाच.

आता सिकलसेलबद्दल. विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, विळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी त्यात अडकतात आणि हाडं-सांधे फुटल्यासारखे दुखतात. एसएस असलेल्या मुलाला घरचे "थंडीचं नाटक करतो" म्हणतात, ते बंद करा. त्याने पहाटे गाडीवर लांब जाणं टाळावं; जाणं भागच असेल तर मागे बसावं, हातपाय पूर्ण झाकलेले असावेत. तहान नसली तरी पाणी प्यावं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उसळतं आणि हिवाळ्यात आपण पाणी विसरतो. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिलं असेल तर मनाने बंद करू नये. ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागली तर घरी शेक देत बसू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा. एएस असलेल्यांना, म्हणजे वाहकांना, सहसा हा त्रास होत नाही. पण लग्नाआधी दोघांचीही रक्ततपासणी करावी. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते.

लहान मुलाला टाकीवर पुढे बसवण्याची सवय सोडा. सगळा वारा ते आपल्या छातीवर झेलतं आणि त्याचं छोटं अंग आपल्यापेक्षा लवकर गार पडतं. मधे बसवा, पट्ट्याने बांधा. चार वर्षांखालच्या मुलासोबत वेग ४० च्या वर नको आणि नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवं, असा २०२२ चा केंद्राचा नियमच आहे.