जवसाची चटणी, अर्जुनाची साल की माशाचे तेल?

प्रश्न : बाबा ६२ वर्षांचे आहेत. बीपी, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत. भावाने नागपूरहून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या. शेजारी म्हणतात, अर्जुनाची साल उकळून द्या. आई म्हणते, घरच्या जवसाचे काय वाईट? नेमके काय द्यावे?
— एक वाचक, मूल

उत्तर : माझे मत आईंच्या बाजूने, पण गोळ्या बंद करायच्या नाहीत.

माशाच्या तेलाचे नाव झाले १९९९ च्या इटलीतल्या अभ्यासाने. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अकरा हजारांवर रुग्णांत रोजच्या एका ग्रॅमने मृत्यू घटले. पुढे अमेरिकेत २५,८७१ जणांवर तेवढाच डोस तपासून पाहिला; निकाल २०१८ मध्ये आला. झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू एकत्र मोजले तर फरक पडलाच नाही. ब्रिटनमध्ये मधुमेहींचेही तसेच झाले. शिवाय या तेलाने काहींचे ठोके अनियमित होतात. भावाला सांगा, पुढची बाटली नको.

लसूण, हळद, दालचिनीच्या कॅप्सूलही २०२२ मध्ये कोलेस्टेरॉलच्या गोळीसमोर उभ्या केल्या होत्या. १९० माणसे, २८ दिवस. रोसुवास्टॅटिनच्या ५ मिलिग्रॅमने वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ३८ टक्के उतरले. बाकीच्यांपैकी कशानेही ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त उतरले नाही. (पैसा रोसुवास्टॅटिनवाल्या कंपनीचा होता, हेही ध्यानात असू द्या.)

अर्जुन आपल्या नाल्याकाठचा, म्हणून त्याच्याबद्दल ओढ असतेच. इंदूरला १९९५ मध्ये आशा वाटावी असे निकाल आले, पण रुग्ण होते फक्त १२. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये हृदय कमकुवत झालेल्या सुमारे १०० रुग्णांवर पाहिले, तर हृदयाची ताकद वाढली नाही. आणि बुंध्याची साल सभोवार सोलली की झाड वाळते, ते वेगळेच.

आता जवस. धान निघता निघता बांधीतल्या ओलीवर लाखोळीसोबत येणारे हेच पीक. कॅनडात पायांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या ११० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेले जवस दिले. त्यांचा वरचा बीपी इतरांपेक्षा सुमारे १० ने कमी राहिला. अभ्यास लहान, तरी या यादीत मला तोच बरा वाटतो. पण ३० ग्रॅम म्हणजे जवळजवळ मूठभर. तेवढी चटणी खाल्ली तर मीठच बीपी वाढवेल. अख्खे दाणेही उपयोगाचे नाहीत, न पचता निघून जातात. तेव्हा आईंनी जवस थोडे थोडे भाजून कुटावे, बिनमिठाचे कूट वरणात, भाजीत घालावे. बाबांना रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.