गुन्हा कबूल केला, तर शिक्षा कमी?

प्रश्न : जोतिबा डोंगरावर आमचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान आहे. चैत्र यात्रेत दरवर्षी खिसेकापू, चेनचोर सापडतात. पुढं त्यांचं काय होतं ते आम्हाला कधीच कळत नाही. परवा वाचण्यात आलं, की अमेरिकेत सरकारी वकील आणि आरोपी आधीच बोलणी करून शिक्षा ठरवतात, खटला चालतच नाही. हे न्यायाला धरून आहे का? आपल्याकडं असं काही आहे का?
— एक वाचक, वाडी रत्नागिरी, ता. पन्हाळा

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंच २०१२च्या एका निकालात नोंदवलं आहे, की फेडरल न्यायालयांत दोषी ठरणाऱ्यांपैकी ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांत ९४ टक्के लोक गुन्हा कबूल करून दोषी ठरतात. ज्युरीसमोरची उलटतपासणी सिनेमात दिसते तेवढीच. प्रत्यक्षात ती फार थोड्यांच्या वाट्याला येते.

न्यायाला धरून आहे का, याचं उत्तर एका जुन्या खटल्यात सापडतं. केंटकी राज्यातल्या पॉल हेज नावाच्या माणसावर ८८ डॉलर ३० सेंटचा बनावट चेक वटवल्याचा आरोप होता. शिक्षा दोन ते दहा वर्षं. सरकारी वकिलानं त्याला सांगितलं, की कबूल केलंस तर पाच वर्षं मागतो. नाही केलंस, तर सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो. हेजच्या नावावर आधीचे दोन गुन्हे होते, त्यामुळं त्या कलमाखाली जन्मठेप अटळ होती. त्यानं खटला लढवला, वकिलानं शब्द खरा केला आणि हेजला जन्मठेप झाली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी हे वैध ठरवलं.

मला तो निकाल आजही पटत नाही. चेक तोच, पुरावा तोच, आधीचे गुन्हेही वकिलाला पहिल्या दिवसापासून माहीत. पाच वर्षांच्या जागी जन्मठेप झाली ती एवढ्याचसाठी, की आरोपीनं 'माझा खटला चालवा' म्हटलं. कबुली देणाऱ्याला थोडी सवलत मिळावी हे समजू शकतं. पण दोन शिक्षांमधलं अंतर एवढं मोठं असेल, तर निर्दोष माणूसही घाबरून सही करतो. त्यातून जामिनाला पैसे नसतील आणि तो तुरुंगात बसून विचार करत असेल, तर विचारायलाच नको.

तरीही अशी प्रत्येक बोलणी वाईटच असते, असं मी म्हणणार नाही. मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीनं २०१०मध्ये शिकागोत गुन्हा कबूल केला. बदल्यात फाशी टळली, भारताच्या ताब्यात देणंही टळलं. २०१३मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. आपल्याला ती कमी वाटली आणि तो राग रास्तच होता. पण त्या तडजोडीमुळंच त्याची माहिती हाती आली, आणि २०१६मध्ये त्यानं व्हिडिओवरून मुंबईच्या न्यायालयात साक्षही दिली.

आता आपल्याकडचं. आपल्या न्यायालयांना ही पद्धत पूर्वी अजिबात मान्य नव्हती. १९७६ साली महाराष्ट्रातल्याच एका अन्नभेसळीच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आरोपी आणि सरकार पक्षातल्या अशा समझोत्यावर कडक टीका केली होती. पुढं कायदा बदलला आणि ५ जुलै २००६पासून अशा सौद्याला रीतसर जागा मिळाली. आज ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम २८९पासून पुढं आहे.

तुमच्या यात्रेचंच उदाहरण घेऊ. सासनकाठ्यांच्या गर्दीत एका पुरुष भाविकाच्या गळ्यातली चेन हिसकावली आणि चोर सापडला. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४, म्हणजे हिसकावून चोरी, लावलं, तर कमाल शिक्षा तीन वर्षं. आरोपी पहिल्यांदाच सापडलेला असेल, तर आरोपनिश्चितीपासून ३० दिवसांत तो सौद्यासाठी अर्ज करू शकतो. न्यायाधीश त्याला बंद खोलीत एकट्याला विचारतात, की अर्ज स्वखुशीचा आहे ना. मग सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि ज्याची चेन गेली तो भाविक अशी बैठक होते. नुकसानभरपाई ठरते आणि शिक्षा कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश, म्हणजे सहा महिन्यांपर्यंत खाली येऊ शकते. त्यावर अपील नाही. हायकोर्टात रिट मात्र करता येतं, आणि ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सर्किट बेंच असल्यानं त्यासाठी मुंबई गाठायला नको.

त्याच घटनेला कलम ३०९, जबरी चोरी, लावलं, तर कमाल शिक्षा दहा वर्षांवर जाते. सौदा सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांनाच चालतो, म्हणजे तो मार्गच बंद. आणि चेनऐवजी एखाद्या बाईचं मंगळसूत्र ओढलं असेल, तर स्त्रीविरुद्धचा गुन्हा म्हणून कुठलंही कलम असलं तरी सौदा नाही.

कायदा कागदावर अमेरिकेपेक्षा बराच सावध आहे. न्यायाधीश मध्ये आहे, पीडित बैठकीत आहे, सवलतीचं माप ठरलेलं आहे. पण एकूण खटल्यांत त्याचा वापर एक टक्काही होत नाही. आपल्याकडची खरी घासाघीस त्याच्या कितीतरी आधी, कलम लागतानाच होते. बांधावरून मारामारी झाली की गावात पहिला प्रश्न असतो, '३०७ लागलं का?' नव्या संहितेत खुनाच्या प्रयत्नाचा तो आकडा १०९ झाला, धास्ती तीच. डोक्यात बसलेली एक काठी साध्या दुखापतीत मोजायची की खुनाच्या प्रयत्नात, हे आधी पोलीस ठरवतात. दोषारोपपत्रातलं चुकीचं कलम न्यायाधीश वगळू शकतो, पण तोवर आरोपी कळंब्याच्या तुरुंगात महिनोन् महिने काढून बसलेला असतो. बाहेर गावकी बसते, पैसे ठरतात, साक्षीदार फितूर होतात. या सौद्यात कुणी न्यायाधीश नसतो, लेखी काही नसतं. मला काळजी वाटते ती याची.

आणखी एक सौदा कोल्हापूरकरांना चांगला ठाऊक आहे : माफीचा साक्षीदार. मुलांचं अपहरण आणि खून केल्याच्या खटल्यात रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१मध्ये फाशी सुनावली. दयेच्या अर्जावरच्या विलंबामुळं २०२२मध्ये हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली. त्या खटल्यात रेणुकाचा नवराच माफीचा साक्षीदार होता. तो सुटला. त्याच्या साक्षीविना खटला कितपत उभा राहिला असता, हा प्रश्न आहे. पण ज्यांची मुलं गेली त्यांना त्याचं सुटणं कसं पटावं? माफी न्यायालयच देतं, आणि अशा साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा आधार न्यायालयं मागतात, एवढाच काय तो दिलासा.

राहिला तुमचा पहिला मुद्दा, चोरांचं पुढं काय होतं. तुमच्या दुकानात चोरी झाली आणि कोडोली पोलीस ठाण्यात तुम्ही फिर्याद दिली, तर तिची प्रत फुकट मिळते. ती घ्या आणि कलम कोणतं लावलंय ते वाचा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं आता पोलिसांना बंधनकारक आहे. आणि आरोपीनं सौद्याचा अर्ज केल्याची न्यायालयाची नोटीस आली, तर 'कशाला कोर्टाची पायरी' म्हणून घरी बसू नका. त्या बैठकीत तुमची खुर्ची कायद्यानं ठेवलेली आहे.