आडव्या विहिरीत एलडब्ल्यूडी: पैसे नेमके कुठे जातात?

छोट्या तेलक्षेत्रांचे लिलाव २०१६ पासून सुरू झाले आणि मुंबईच्या समुद्रातलेही काही तुकडे खासगी कंपन्यांच्या हाती आले. ओएनजीसीत खोदाईच्या सेवा घ्यायला वेगळी खाती असतात, जुनी कंत्राटं असतात आणि त्यांत हात पोळलेली माणसंही असतात. छोट्या कंपनीच्या खरेदी विभागात दोनच टेबलं, आणि त्यावर 'लॉगिंग व्हाइल ड्रिलिंग'ची (एलडब्ल्यूडी) तीन कोटेशनं. त्या टेबलांमागच्या माणसांसाठी हे लिहितोय.

उभी विहीर खणून झाली की केबलला उपकरणं बांधून खाली सोडायची, ती आपल्या वजनाने जातात. विहीर साठ-पासष्ट अंशांपलीकडे कलली की ती जागीच बसतात. मग पाइपच्या टोकाला बांधून ढकलत न्यायची, आणि त्यात रिगचा दीड-दोन दिवस सहज जातो. म्हणून मोजणारी उपकरणं बिटच्या मागच्या जाड पाइपांतच बसवतात. खणता खणता गॅमा, रेझिस्टिव्हिटी, घनता मोजली जाते आणि मडच्या दाबातल्या ठोक्यांनी वर येते. मुंबई हायच्या एल-थ्री थरात याला पर्याय नाही म्हटलं तरी चालेल: चुनखडकाचे पातळ पट्टे, मध्ये शेल, वर वायू, खाली पाणी. दोन-तीन मीटर वर गेलात तर वायू येतो, खाली उतरलात तर पाणी.

कोटेशनमध्ये सहसा या बाबी असतात: उपकरणाचं रोजचं भाडं, चालू असताना वेगळं आणि नुसतं पडून असताना वेगळं, खणलेल्या प्रत्येक मीटरचा दर, इंजिनिअरांचा रोज, साहित्य आणण्या-नेण्याची ठोक रक्कम, आणि शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, उपकरण विहिरीत राहिलं तर भरायची किंमत. सगळे पहिल्या ओळीवर घासाघीस करतात.

हिशेब मांडून बघा. समजा जॅक-अप रिग रोज साठ हजार डॉलरला आहे. बोटी, हेलिकॉप्टर, मड आणि बाकीच्या सेवा धरून दिवस एक लाख वीस हजारांना पडतो, म्हणजे तासाला पाच हजार. एक कंपनी एलडब्ल्यूडी रोज दहा हजारांना देते, दुसरी आठ हजारांना. बारा दिवसांच्या कामात चोवीस हजार वाचले. आता अडीच हजार मीटरवर स्वस्तातलं उपकरण मुकं झालं. पाइप बाहेर काढा, उपकरण बदला, पुन्हा आत घाला: वीस तास. एक लाख डॉलर गेले, आणि तेवढा वेळ उघड्या राहिलेल्या शेलने काय केलं ते वेगळंच. म्हणून दराआधी मागायचा कागद वेगळा आहे. गेल्या वर्षभरात याच मॉडेलचं उपकरण दोन बिघाडांमध्ये सरासरी किती तास चाललं? द्यायला कां-कूं करणारा पुरवठादार त्यातच उत्तर देतो. आणि बिघाडामुळे गेलेल्या वेळेचं भाडं तर नाहीच, वर ठरावीक मर्यादेपर्यंत रिगचा खर्चही कापून घेण्याचं कलम टाका. ते मानणार नाहीत, निम्म्यावर मिटेल. तेही पुष्कळ झालं.

काय घ्यायचं, यात उगाच हौस नको. बिटपासून सेन्सर किती मागे, हे आधी विचारा. रेझिस्टिव्हिटीचा सेन्सर बारा मीटर मागे असेल आणि तासाला वीस मीटर खणत असाल, तर बिट थराबाहेर गेल्याचं तुम्हाला पाऊण तासाच्या जरा आधी कळतं. तोवर बिट शेलमध्ये बारा मीटर पुढे. पडद्यावर गॅमाची रेषा हळूहळू उजवीकडे कलायला लागते, कंपनी मॅन जिऑलॉजिस्टकडे बघतो, आणि दोघांनाही माहीत असतं की बातमी शिळी आहे. बिटच्या जवळ बसणारा, वर-खाली दिशा सांगणारा गॅमा महाग असतो; पातळ थरात तो घ्यावा असं माझं मत. चार-पाच मीटरवरची थराची सीमा दाखवणारी दिशादर्शक रेझिस्टिव्हिटी त्याहून महाग. तीस मीटरपर्यंत बघणारी उपकरणंही मिळतात, पण क्षेत्राचा नकाशा नीट माहीत असेल तर ती पहिल्या एक-दोन विहिरींपुरती पुरे.

चुनखडकात भेगा असतात आणि मड त्यात निघून जातो. मड नाही तर ठोके नाहीत, ठोके नाहीत तर डेटा नाही. गळती बुजवायचं साहित्य घातलं की त्यानेच उपकरणाचा झडपेचा भाग तुंबतो. किती जाड आणि बॅरलला किती प्रमाणात साहित्य चालेल, हे लेखी घ्या. तापमानाचं तसंच: १५० अंशांचं उपकरण मुंबई हायला पुरतं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या अतिउष्ण विहिरींसाठीचं भाडं इथे भरण्यात अर्थ नाही.

आता शेवटचं पान. पाइप अडकला आणि सुटलाच नाही, तर एलडब्ल्यूडी आणि दिशा वळवणारं उपकरण मिळून दहा लाख डॉलरच्या पुढचा आकडा सहज होतो. पुरवठादार नव्याची किंमत लावतो, मग उपकरण पाच वर्षं झिजलेलं का असेना. वापराच्या महिन्यागणिक घसारा हवाच. किंमत कुठवर उतरेल यावर भांडा. प्रत्येक उपकरणाची अनुक्रमांकासकट किंमत कंत्राटासोबत जोडून घ्या, नंतर आलेल्या 'यादी'वर विसंबू नका. फिशिंगचा, म्हणजे अडकलेलं उपकरण काढायच्या प्रयत्नांचा, निर्णय कोणाचा आणि किती दिवसांनंतर नाद सोडायचा, हेही आधी ठरलेलं बरं. उपकरणाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे ते काढण्यात घालवलेल्या विहिरी असतात. विम्याचं बघा, सगळ्या पॉलिसींत हे बसत नाही.

घनता आणि न्यूट्रॉन मोजण्यासाठी किरणोत्सारी स्रोत लागतात: सीझियम-१३७, ज्याचं अर्धायुष्य तीस वर्षांचं, आणि अमेरिशियम-बेरिलियम, त्यातल्या अमेरिशियमचं चारशेवर. ते खाली अडकले तर नुसतं बिल भरून सुटका नाही. अणुऊर्जा नियामक परिषदेला कळवायचं, प्रयत्नांची नोंद ठेवायची, आणि शेवटी त्यावर सिमेंट ओतून विहिरीचा तो भाग कायमचा सोडायचा. ज्या थराची सच्छिद्रता शेजारच्या विहिरींतून माहीत आहे, तिथे तिसऱ्या-चौथ्या आडव्या विहिरीत हे स्रोत न्यायचे कशाला? गॅमा आणि रेझिस्टिव्हिटीवर भागतं. भाडंही उतरतं.

करांचं विसरू नका. तेल-वायू शोध आणि खोदाईच्या साहाय्यक सेवांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला. कच्चं तेल जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे भरलेल्या कराचं क्रेडिट तेलावर वळतं करता येत नाही. तो थेट खर्चच. जुन्या कोटेशनवर बजेट मांडलं असेल तर ते बदला, आणि 'दर करासह की कराव्यतिरिक्त' ही ओळ दोनदा वाचा.

डेटाचं कलमही असू द्या. मडमधून वर येतो तो सेकंदाला मोजक्या बिटांचा गाळीव माल. पूर्ण नोंद उपकरणाच्या मेमरीत असते. उपकरण वर आल्यावर किती तासांत, कोणत्या फॉरमॅटमध्ये ती मिळेल, आणि प्रक्रिया न केलेली मूळ फाइल तुमच्या मालकीची की त्यांच्या, हे कंत्राटात नसेल तर सहा महिन्यांनी तीच फाइल 'रिप्रोसेसिंग'च्या वेगळ्या बिलासह येते.