दोन भाषांच्या घरातले मूल

अलिबागेस आमच्या जुन्या घराशेजारी राहणाऱ्या आजींचा मध्यंतरी फोन आला. त्यांची नात कुवैतमध्ये अबू हलीफा येथे असते. कुवैत शहराच्या दक्षिणेस, फहाहीलच्या वाटेवर, समुद्रकाठची ही वस्ती. नातीचा मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला तरी सातआठ शब्दांपलीकडे बोलेना. घरात मराठी, शेजारी मल्याळी, लिफ्टमध्ये हिंदी, बकाल्यात म्हणजे वाण्याकडे अरबी, आणि पुढे शाळा इंग्रजी. कोणी सल्ला दिला, "मराठी बंद करा, मुलाशी इंग्रजीतच बोला." आजी म्हणाल्या, "मग मी पणतवाशी बोलू कशी?"

वाचकहो, हा सल्ला आपल्या ओळखीचा आहे. लोद, दिमोना, अश्दोद, बीरशेबा येथे आपल्या किती घरांनी तो ऐकला! आज कित्येक नातवंडे आजीच्या तोंडाकडे नुसती पाहत राहतात. म्हणून हे लिहीत आहोत.

मुलाचे शिकणे पहिल्या शब्दाच्या पुष्कळ आधी सुरू होते. 1984 साली जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी कॅनडात एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतला फरक ऐकू येत होता. वर्षाच्या सुमारास तो बहुतेकांना ऐकू येईनासा झाला. कानावर जे पडत राहते तेच कान राखतो. हिब्रूवर वाढलेल्या नातवंडाला 'ताट' म्हणावयास सांगा, म्हणजे आमचे म्हणणे पटेल.

मात्र नुसते कानावर पडून भागत नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली दाखविले की, नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारे माणूस समोर बसून खेळले तेव्हा बाळे ते ध्वनी शिकली. तीच माणसे पडद्यावर दाखविली तेव्हा काहीच शिकली नाहीत. कुवैतच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. मूल दिवसभर घरात कोंडलेले, आणि हातात मोबाईल. खरी अडचण मराठीची नसून या पडद्याची असते.

साधारण वर्षाच्या सुमारास पहिला शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत पन्नासएक शब्द होतात आणि 'आई ये' अशी जोडणी सुरू होते. दोन भाषा असतील तर शब्द दोन्हींतले मिळून मोजावेत. 'पाणी' आणि 'वॉटर' हे दोन धरावेत. एका वाक्यात दोन्ही भाषा आल्या म्हणजे मूल गोंधळले असे नव्हे. शिवाय एकाच भाषेने मूल लवकर बोलते असेही नाही. एलिएझर बेन-येहुदा यांनी 1882 साली जन्मलेल्या आपल्या मुलाच्या कानी हिब्रूखेरीज काही पडू नये असा कटाक्ष ठेवला. तो मुलगा बराच उशिरा बोलू लागला.

आईबाबांनी करावयाचे ते साधे आहे. मुलाने 'भू' म्हटले की, "हो, भूभू आला. काळा भूभू!" असे म्हणावे. 'नीट बोल' म्हणून दटावू नये. प्रश्न विचारल्यावर थांबावे. आपल्यालाच उत्तर द्यायची घाई असते. कणीक मळताना, अंघोळ घालताना बोलत राहावे, आणि ते ज्या भाषेत आपले मन मोकळे होते त्या भाषेत.

पण दोन वर्षांच्या मुलाचे शब्द अगदीच थोडे असतील, तर 'बोलेल हळूहळू' म्हणत बसू नये. प्रथम कान तपासून घ्यावेत. आम्ही आजींना हेच सांगितले. तपासणीत निघाले की, वारंवारच्या सर्दीने बाळाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचले होते, म्हणून त्याला कमी ऐकू येत होते. उपचार चालू आहेत. मराठीही चालू आहे. दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, आजी फोनवर "काऊ कुठे?" विचारून थांबतात. उत्तर अजून 'का' एवढेच येते.