जुन्या वाहनांतील तेलाचा दाब आणि तेलाची निवड

ग्रामीण भागातील दळणवळणाचा बराचसा भार आजही जुन्या वाहनांवर आहे. गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत अनेक वर्षे सेवा बजावलेली जीप, भाजीपाला वाहणारा टेंपो किंवा शेतातील ट्रॅक्टर ही केवळ मालमत्ता नसून त्या कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन असते. रात्री-अपरात्री रुग्णास तालुक्याच्या ठिकाणी नेण्याची वेळ आली, तर वाड्यावरील लोक याच वाहनाच्या मालकाचे दार ठोठावतात. अशा वाहनाचे इंजिन ऐनवेळी जाम झाले, तर त्यापासून होणारी हानी एका मालकापुरती मर्यादित राहत नाही.

सुदैवाने असा प्रसंग ओढवण्यापूर्वी जुने इंजिन बहुधा पूर्वसूचना देते. तेलाचा दाब कमी झाल्याचे दर्शवणारा तांबडा दिवा, अथवा दाबमापकावर खाली आलेला काटा, ही ती सूचना होय. ती मिळताच सर्वत्र एकच सल्ला दिला जातो : "जरा जाड ऑइल घाला." हा उपाय स्वस्त आहे व त्याचा गुणही ताबडतोब दिसतो, म्हणूनच तो लोकप्रिय झाला आहे. परंतु बहुतेक वेळा त्याने दिवा विझतो, दुखणे मात्र तसेच राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत आहे. हे असे का घडते, याची माहिती वाहनधारकांनी करून घेणे अगत्याचे आहे.

दाब कशामुळे निर्माण होतो?

इंजिनाचा क्रँक ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, तेथे चालू स्थितीत धातू धातूस टेकत नाही. दोहोंच्या मधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी असते व तीत तेलाचा पातळ थर असतो. इंजिनाचे सारे आयुष्य या थरावर अवलंबून आहे. तळाच्या चेंबरमधील तेल पंप गाळणीतून ओढून घेतो आणि फिल्टरमार्गे पुढे ढकलतो. बारीक वाटांनी ते बेअरिंग, कॅम व रॉकर यांपर्यंत पोचते आणि तेथील फटींतून बाहेर पडून पुन्हा चेंबरमध्ये उतरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पंप प्रत्येक फेरीस ठरावीक तेल पुढे लोटतो. त्या तेलास बाहेर पडताना जो अडथळा होतो, त्यातून दाब उत्पन्न होतो. शिक्षकांना हे तत्त्व विद्यार्थ्यांना सहज दाखवता येईल. नळास रबरी नळी जोडून तिच्या तोंडावर अंगठा दाबला, की पाणी जोराने दूरवर उडते. अंगठा सैल केला, की तेच पाणी पायाशी पडते. नळ तोच, पाणी तेवढेच. बदलली ती फक्त वाट.

म्हणजे दाब मुख्यत्वे तीन गोष्टींवर ठरतो : पंप किती तेल पुरवतो, बाहेर पडण्याच्या फटी किती रुंद आहेत आणि तेल किती दाट आहे. दाब प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून वाटेत स्प्रिंगचा एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो उघडला, की जादा तेल परस्पर चेंबरमध्ये परतते.

जाड तेलाचा हिशेब

तेलाच्या दाटपणाची प्रतवारी अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या 'एसएई' या संस्थेने १९११ साली प्रथम प्रसिद्ध केली. पुढे तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. डब्यावर '२०डब्ल्यू-४०' असे छापलेले असते, त्यातील 'डब्ल्यू' सोबतचा आकडा थंडीतील वर्तन दर्शवतो, तर शेवटचा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. १०० अंश सेल्सियस तापमानास ३० प्रतीच्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५, ४० प्रतीचा १२.५ ते १६.३ आणि ५० प्रतीचा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या मर्यादेत असावा लागतो. मधले आकडे घेतले, तर ४० प्रतीवरून ५० प्रतीवर गेल्याने दाटपणा सुमारे एकतृतीयांशाने वाढतो.

आता बेअरिंगच्या झिजेचा विचार करावा. फटीतून निसटणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट केवळ पाव हिश्शाने रुंदावली, तरी त्याच दाबाखाली जवळजवळ दुप्पट तेल निसटते. फट दुप्पट झाली, तर आठपट. एकीकडे दाटपणात एकतृतीयांशाची वाढ आणि दुसरीकडे गळतीत दुपटीची किंवा त्याहून अधिक वाढ, असा हा विषम सामना आहे. झीज अल्प असेतोवर जाड तेल तिच्यावर पांघरूण घालू शकते. झीज वाढली, की तेही अपुरे पडते. आणि मधल्या काळात मालक निर्धास्त राहिलेला असतो.

शिवाय काटा वर आला, म्हणजे बेअरिंगला अधिक तेल मिळाले, असे नव्हे. जाड तेल सकाळच्या पहिल्या क्षणांत उशिरा पोचते. दाब मर्यादेबाहेर जाऊन व्हॉल्व्ह उघडला, तर त्यातले काही तेल कामावर न जाताच परत फिरते. बेअरिंगची उष्णता वाहून नेण्याचे कामही वाहत्या तेलाचेच असते, हे विसरता कामा नये. गाळणी गाळाने तुंबलेली असेल, तर जाड तेल ओढणे पंपास अधिकच कठीण होते व उपायच अपाय ठरतो.

पाहणीचा क्रम

तेव्हा तेलाची प्रत बदलण्यापूर्वी कारणाचा शोध घ्यावा. स्वस्त व सोप्या तपासणीपासून आरंभ करून खर्चिक कामाकडे जाणे श्रेयस्कर. हा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१. वाहन चालू असता तांबडा दिवा लागून राहिला, किंवा दिव्यासोबत इंजिनातून ठोक्यांचा आवाज येऊ लागला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन तत्काळ बंद करावे. "गावापर्यंत जाऊ" हा मोह अनेक इंजिनांचा घात करतो.

२. सपाट जागेवर दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी. तेल कमी असल्यास त्याच प्रतीचे तेल घालावे व ते कोठे गळते किंवा जळते याचा तपास करावा.

३. तेल वरच्या खुणेच्याही वर गेले असेल, तर समाधान मानू नये. त्यात डिझेल, पेट्रोल अथवा पाणी मिसळत असण्याचा संभव असतो. इंधनाचा वास येतो काय, हे पाहावे. नोझलमधील गळती किंवा इंधन ओढणाऱ्या पंपाचा फाटलेला पडदा यांमुळे तेल पातळ होते. तेलास दुधाळ रंग आल्यास पाणी मिसळले असे समजावे. या दोषांत नवे तेल घातले, तर काही दिवस दाब नीट दिसतो व पुन्हा घसरतो.

४. त्यानंतर खुद्द सूचना देणारे साधन तपासावे. चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल, तर वाहन कोणत्याही सूचनेविना धावत आहे असे समजावे. दाबाचा स्विच किंवा त्याची तार सदोष असल्यास निरोगी इंजिनही आजारी भासते. मिस्त्रीकडून स्विचच्या जागी नळीचा दाबमापक बसवून खरा दाब मोजून घ्यावा. हे थोड्या वेळाचे काम आहे आणि पुढील सारे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

५. दाब खरोखरच कमी भरला, तर माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल व नवा फिल्टर घालून पुन्हा मोजणी करावी.

६. तरीही फरक न पडल्यास व्हॉल्व्हची स्प्रिंग थकली आहे काय, त्यात कचरा अडकला आहे काय, हे पाहावे. कित्येक इंजिनांत हा व्हॉल्व्ह बाहेरूनच काढता येतो.

७. शेवटी चेंबर उतरवून गाळणी, पंप व बेअरिंग यांची पाहणी करावी. अनेक वाहनांत यासाठी संपूर्ण इंजिन खाली घ्यावे लागत नाही. वेळीच बेअरिंग बदलल्यास क्रँक वाचतो. उशीर झाल्यास क्रँकची घासाई आणि इंजिनाची संपूर्ण बांधणी यांवाचून गत्यंतर राहत नाही.

मोजणीचा अर्थ लावतानाही तारतम्य ठेवावे. केरीहून चोर्ला घाट चढलेल्या वाहनाचे तेल तापून पातळ झालेले असते. अशा वेळी मंद गतीत दाब उतरणे स्वाभाविक आहे. वेग वाढताच तो पुरेसा चढत असेल आणि मंद गतीतील आकडाही पुस्तिकेतील किमान मर्यादेत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. दर हजार फेऱ्यांस चौरस इंचाला सुमारे १० पौंड, असा एक ठोकताळा मिस्त्री लोक वापरतात. तथापि अंतिम प्रमाण त्या त्या वाहनाच्या पुस्तिकेचेच मानावे. थंड इंजिनातही दाब कमी असल्यास पंप, व्हॉल्व्ह किंवा गाळणी यांवर संशय घ्यावा. वेग वाढवल्यावर दाब चढण्याऐवजी घसरत असेल, तर गाळणी तुंबल्याची शक्यता अधिक.

तेल निवडताना

गोव्याच्या किनारपट्टीवर कडाक्याची थंडी पडत नाही. २०डब्ल्यू प्रतीच्या तेलाची इंजिन फिरवण्याची कसोटी उणे १५ अंशांवर घेतली जाते. त्यामुळे जुन्या इंजिनाच्या पुस्तिकेत २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० सांगितले असेल, तर येथील हवामानासाठी ते बदलण्याचे कारण नाही. उष्ण प्रदेशासाठी २०डब्ल्यू-५० वापरण्याची मुभा पुस्तिकेतच असेल, तर ते खुशाल वापरावे. मुभा नसताना केवळ दिवा विझावा म्हणून प्रत चढवणे हा फार तर दुरुस्तीसाठी पैसा जमेपर्यंतचा तात्पुरता आधार होय. दाब वाढवण्याच्या बाटलीबंद औषधांसही हेच लागू आहे.

याउलट, नवे म्हणून महागडे पातळ तेल घालणे हेही अनुचित. ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० ही तेले अरुंद फटींच्या आधुनिक इंजिनांसाठी आहेत. धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेस अपाय होऊ नये म्हणून पेट्रोल इंजिनांच्या अशा तेलांत फॉस्फरसचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केलेले असते. जुन्या बनावटीच्या कॅम व टॅपेट यांना मात्र जस्त आणि फॉस्फरसयुक्त संरक्षक द्रव्य पुरेसे लागते. ॲम्बॅसेडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. अशा वाहनांच्या मालकांनी जुनी माहितीपुस्तिका जपून ठेवावी, कारण तेलाच्या बाबतीत तिच्याइतका विश्वासू सल्लागार दुसरा नाही.

डब्यावरील 'एपीआय' या अक्षरांपुढील वर्गही पाहावा. 'एस' ने आरंभ होणारा वर्ग पेट्रोल इंजिनासाठी, तर 'सी' ने आरंभ होणारा डिझेल इंजिनासाठी असतो. तेल नेहमी मोहोरबंद डब्यातूनच घ्यावे. रिकामा डबा भोक पाडून निकामी करावा, म्हणजे त्यात भेसळीचे तेल भरून विकले जाणार नाही. फार दिवस दुर्लक्षित राहिलेल्या इंजिनात नवे तेल जुना गाळ सोडवते. म्हणून पहिला बदल फिल्टरसह, नेहमीच्या मुदतीपूर्वीच करावा.

उभी राहिलेली वाहने

गोव्यातील खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये बंद झाल्या, तेव्हा खनिज वाहणारे अनेक ट्रक दीर्घकाळ दारात उभे राहिले. पावसाळी दमट हवेत उभ्या वाहनाच्या चेंबरमध्ये ओलावा साचतो व तेल न वापरताही खराब होते. असे वाहन पुन्हा सुरू करताना प्रथम तेल व फिल्टर बदलावेत. नंतर इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवावे. दाब आल्याचे दिसल्यानंतरच ते सुरू करावे. कोरड्या बेअरिंगवर घेतलेली पहिली धाव वर्षभराच्या वापराहून अधिक हानी करू शकते.

नोंद आणि विल्हेवाट

शासकीय कार्यालयांतील वाहनांच्या लॉगबुकात इंधनाची नोंद नित्य होते. त्याचप्रमाणे महिन्यातून एकदा, इंजिन तापल्यावर मंद गतीतील व वाढत्या वेगातील दाबाचे दोन आकडे लिहून ठेवावेत. दाबमापक नसलेल्या वाहनाची मोजणी मिस्त्रीकडून तेल बदलतेवेळी करून घ्यावी. खाजगी मालकांनाही साध्या वहीत हे करता येईल. एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांचा उतार अधिक बोलका असतो, आणि तो वेळेत दिसला, तर दुरुस्तीचा खर्च आवाक्यात राहतो.

काढलेले काळे तेल विहिरीजवळ, नाल्यात वा शेतात ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशी व्यवस्था असलेल्या गॅरेजमध्येच द्यावे. ते हातांना वारंवार लागू देणेही अपायकारक आहे.

तांबडा दिवा हा वाहनाच्या मालकाशी बोलणारा प्रामाणिक सेवक आहे. त्याचे तोंड बंद करणे सोपे आहे. परंतु तो काय सांगतो हे ऐकून प्रथम मोजणी, मग कारणाचा शोध आणि त्यानंतर तेलाचा निर्णय, हा क्रम पाळणाऱ्याचे वाहन ऐन गरजेच्या रात्री दगा देण्याचा संभव फार कमी.