रंग गेला, पाणी स्वच्छ झालं का?

सीईटीचा निकाल लागला की पालकांचा प्रश्न ठरलेला: कॉम्प्युटर मिळेल का, नाहीतर एआय तरी? मुलाला रसायनशास्त्र आवडतं का, हे कुणी विचारत नाही. कॉम्प्युटरची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून पसंतीक्रमात ज्याचं नावही नसतं अशा कामाबद्दल लिहितो: कापडाच्या रंगाचं सांडपाणी शुद्ध करणं.

सुती कापड रंगवताना रिअॅक्टिव्ह रंगाचा बराच भाग धाग्यावर बसतच नाही. तो भरपूर मिठासह नाल्यात उतरतो. तिरुपूरची नोय्यल नदी अशीच नासली आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली डाईंग युनिट बंद करायला लावली. इचलकरंजीत पंचगंगेचं दुखणं तर आपल्या दारातलं. फेरस सल्फेट टाकून रंग खाली बसवला की विषारी गाळ उरतो; कार्बनवर शोषला तर तो कार्बन टाकायचा कुठे? जीवाणूंची वाट अधिक सौम्य आहे. ऑक्सिजनविना जगणारे जीवाणू अशा बऱ्याच रंगांत असलेला अझो, म्हणजे नायट्रोजनचा दुहेरी बंध तोडतात आणि पाणी नितळ दिसू लागतं. फसगत नेमकी इथेच होते, कारण मागे अॅरोमॅटिक अमाइन्स राहतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक असतात. म्हणून पुढच्या टाकीत हवा सोडून दुसऱ्या जीवाणूंकडून त्यांचा निकाल लावावा लागतो. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशींचं लॅकेस हे विकरही रंग फोडतं, पण खारट, गरम आणि दर पाळीला शेड बदलणाऱ्या पाण्यात ते टिकवणं अवघड आहे. रसायन, सूक्ष्मजीव आणि यंत्र तिन्ही समजणारा माणूस इथे हवा.

पगाराचं काय? सुरुवातीला तो सॉफ्टवेअरपेक्षा कमी असतो, हे मान्य करूनच सांगतो. मात्र १९७४च्या जलप्रदूषण कायद्यामुळे सांडपाण्याची व्यवस्था केल्याशिवाय कारखान्याला संमतीपत्र मिळत नाही, त्यामुळे ही गरज फॅशनबरोबर ओसरणारी नाही. ‘गटाराच्या पाण्यात हात घालायला शिकवलं का?’ हा आक्षेप मुलाचा नसतो, पालकांच्या प्रतिष्ठेचा असतो. त्यापायी मुलाची चार वर्षं नावडत्या शाखेत घालवणं हा अन्याय आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी) वस्त्रप्रक्रिया, इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत वस्त्रतंत्रज्ञान, किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी करून पुढे पर्यावरणशास्त्र, असे मार्ग उघडे आहेत. पसंतीक्रम भरण्याआधी परवानगी काढून मुलाला एखादं सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र दाखवा. टाक्यांपाशी उभं राहून तो काय प्रश्न विचारतो, ते ऐका, आणि मग फॉर्म त्यालाच भरू द्या.